नखांचा रकाना आहे, दातांचा नाही: देशोदेशीच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांचे माननीय आरोग्यमंत्री,
तसेच ज्यांच्या सहीवाचून आरोग्यमंत्र्यांचे काहीच चालत नाही ते माननीय अर्थमंत्री

विषय: मौखिक आरोग्यसेवेला प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान देण्याबाबत

महोदय, महोदया,

वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाच्या तोंडात, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी आधीचा कुठलाही दात पडावा लागत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आले तरी तीही दुधाचीच असणार असे समजून विषय तिथेच संपतो. प्रत्यक्षात ती कायमची दाढ असते. तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात; त्यांत ब्रशचा केस शिरत नाही, अन्नकण मात्र शिरतात. पूर्ण वर येईपर्यंत बरेच महिने ती शेजारच्या दाढांपेक्षा ठेंगणी राहते, म्हणून ब्रश तिला न शिवताच पुढे जातो. जिच्यावर आयुष्यभर चावण्याचा भार पडायचा असतो, ती दाढ अनेक मुलांच्या तोंडात पहिल्या दोन-तीन वर्षांतच किडू लागते.

मी व्यवसायाने दंतवैद्य आहे आणि माझ्या खुर्चीत बसलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीची हीच दाढ हे पत्र लिहिण्याचे निमित्त आहे. ती दोन रात्री झोपली नव्हती, गाल सुजून डोळ्याच्या कडेपर्यंत चढला होता आणि दाढेचा निम्मा माथा ढासळला होता. तिची आई म्हणाली, "पडणारच आहे ना ती? मग काढूनच टाका." ही दाढ पुन्हा येणार नाही असे मी सांगितले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण हे आम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही." तिच्या पिशवीत मुलीचे शाळेतले आरोग्यपत्रक होते. वजन, उंची, डोळे, कान, लसी, सगळ्याच्या नोंदी वेळच्या वेळी केलेल्या होत्या. नखांच्या स्वच्छतेचासुद्धा एक रकाना होता. दातांचा नव्हता. त्या आईला मी निष्काळजी कसे म्हणू? आरोग्यव्यवस्थेने जे जे विचारले, ते ते तिने केले होते.

माझी तक्रार त्या शाळेविरुद्ध नाही. ते पत्रक कोणीतरी वरून ठरवून दिलेले होते, आणि वर बसलेल्यांच्या मनात तोंड हा शरीराचा भाग नसावा, अशी शंका मला गेली अनेक वर्षे छळते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मौखिक आरोग्याच्या जागतिक स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सुमारे ३५० कोटी लोकांना, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या जवळपास ४५ टक्क्यांना, तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे आणि त्यांतील दर चारांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. कायमचे दात किडूनही ज्यांच्यावर उपचार झालेले नाहीत अशा माणसांची संख्या २०० कोटींच्या घरात आहे, दुधाचे दात किडलेली मुले ५१ कोटींहून अधिक आहेत आणि हिरड्यांच्या गंभीर आजाराचे रुग्ण १०० कोटींहून अधिक. याच अहवालाने २०१९ या एका वर्षाचा खर्चही मांडला आहे: उपचारांवर सुमारे ३८७ अब्ज डॉलर आणि बुडालेल्या श्रमापोटी आणखी ३२३ अब्ज डॉलर. अर्थमंत्र्यांना या पत्रात का ओढले, असे कोणी विचारू नये म्हणून हे आकडे येथे देत आहे.

एवढ्या प्रमाणावर पसरलेला हा आजार मुळात टाळता येण्यासारखा आहे, आणि तो कसा वाढतो हे समजल्याशिवाय व्यवस्था कुठे चुकते तेही समजत नाही. दातांवर जिवाणूंचा एक चिकट थर असतो. आपण साखर खाल्ली की ते जिवाणू तिचे आम्ल करतात आणि काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागावरचा सामू (आम्लता मोजण्याचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरतो. त्या पातळीखाली दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. मग लाळ आपले काम करते. अर्ध्या-पाऊण तासात आम्ल निवते आणि गेलेल्या खनिजांपैकी काही परत बसतात. दिवसातून तीन-चार वेळा असे झाले तर दात तग धरतो. तोच दर तासाला गोड घोट घेतला तर लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. किती साखर खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही म्हणूनच महत्त्व आहे. किडीची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते: दात कोरडा केला की खडूसारखा निस्तेज दिसणारा एक डाग. त्या टप्प्यावर भोक पडलेले नसते, दुखत नसते आणि फ्लोराइडच्या मदतीने तो डाग तिथेच थोपवता येतो. नंतर मात्र कवच कोसळते. कवचात जिवंत पेशी नसल्यामुळे हाडासारखे ते पुन्हा भरून येत नाही. कीड दाताच्या आतल्या मगजापर्यंत, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेल्या मऊ गाभ्यापर्यंत, पोचली की त्याला सूज येते, आणि चहूबाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे त्या सुजेला फुगायला जागा उरत नाही. रात्री आडवे झाल्यावर जो ठणका सुरू होतो, तो याच कोंडमाऱ्याचा.

पांढऱ्या डागापासून ठणक्यापर्यंत जायला बहुधा काही महिने, कधी काही वर्षे लागतात. एवढा अवधी देणारे आजार थोडेच. तरीही आपल्या बहुतेक व्यवस्था त्या अवधीत कुठेच दिसत नाहीत आणि ठणका सुरू झाल्यावर दार किलकिले करतात, तेही पैसे असतील त्याच्यासाठी.

हे असे का झाले, याला इतिहास आहे. १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जगातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले, ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळे. दंतवैद्यकाला त्यामुळे शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली हे मान्य, पण शिक्षणाची ही फारकत पुढे परवाने, रुग्णालये आणि विमा यांतही उतरली. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते. वर्षानुवर्षे साठलेले दुखणे घेऊन लोक असे लोटले की खर्चाचे अंदाज कोलमडले आणि तीनच वर्षांत, १९५१ मध्ये, कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क आकारायचे ठरले. या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीच्या पैशांवरून मंत्रिमंडळात फूट पडावी हे आज वाचताना हसू येते, पण बेव्हन यांना त्यात तत्त्वाचा प्रश्न दिसला होता आणि माझ्या मते तो बरोबर दिसला होता. अमेरिकेने १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर ही योजना आणली आणि नेहमीचे दंतोपचार कायद्यानेच तिच्याबाहेर ठेवले. कॅनडाने १९६६ मध्ये सार्वजनिक वैद्यकीय विम्याचा कायदा केला, त्यातही दात बाहेरच राहिले. ती उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय दंतसेवा योजनेतून उपचार सुरू व्हायला २०२४ उजाडले. श्रीमंत देशांची ही कथा आहे. ज्या देशांनी आपल्या योजना त्यांच्याकडे पाहून आखल्या, त्यांनी ही चूकही नक्कल करताना उतरवून घेतली.

या चुकीची किंमत कधीकधी जिवाने मोजावी लागते. २००७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एक १२ वर्षांचा मुलगा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचून दगावला. जो दात वेळेवर काढला असता तर प्रश्न मिटला असता, त्याच्यासाठी पुढे मेंदूच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि त्याही उपयोगी पडल्या नाहीत. गरीब घरातले ते मूल होते आणि सरकारी विम्यावर त्या कुटुंबाच्या मुलांना पाहणारा दंतवैद्य सापडता सापडत नव्हता. त्या मृत्यूनंतर हालचाल झाली आणि २००९ मध्ये मुलांच्या सरकारी आरोग्य विम्यात दंतोपचार बंधनकारक झाले. एका मुलाचा जीव गेल्यावरच ते व्हावे याला काय म्हणावे?

आता माझ्या व्यवसायाबद्दल बोलतो, कारण दोष फक्त मंत्रालयांच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही जे करतो त्याचे पैसे मिळतात. जे होऊ देत नाही त्याचे मिळत नाहीत. भोक बुजवले की बिल होते, रूट कॅनाल केले की मोठे बिल होते आणि एखाद्या मुलाच्या सहाव्या वर्षीच्या दाढेच्या खाचा वेळेवर सील करून, म्हणजे पातळ लेपाने बुजवून, ती पुढची साठ वर्षे शाबूत राहिली, तर कुठल्याच हिशेबवहीत त्याची नोंद होत नाही. इंग्लंडने २००६ मध्ये दंतवैद्यांशी नवा करार केला तेव्हा दर वेगळ्या पद्धतीने लावले: एका रुग्णाचा एक दात भरा नाहीतर सहा भरा, मोबदला तेवढाच. ज्याचे तोंड जास्त खराब, तोच दंतवैद्याला परवडेनासा झाला. हा नियम थोडासा सैल करायला २०२२ उजाडावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहरात सरकारी सेवेत नवे रुग्ण घेणारा एक दवाखाना उघडला, तेव्हा बाहेर शेकडो लोकांची रांग लागली आणि ती आवरायला पोलीस आले. दंतवैद्य वाईट असतात म्हणून हे घडत नाही. मोबदल्याचे सूत्र ज्या दिशेला ढकलते त्या दिशेला माणसे जातात, दंतवैद्यसुद्धा.

याउलट जिथे कोणी मूल दुखायच्या आधी गाठायचे ठरवले, तिथे काय झाले हेही नोंदलेले आहे. स्कॉटलंडमध्ये 'चाइल्डस्माइल' या कार्यक्रमाखाली बालवाडीतली मुले रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासतात. त्यात मोठे तंत्रज्ञान नाही. ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट, समोर उभी शिक्षिका आणि न चुकता रोज, एवढेच. २००३ मध्ये तिथल्या पहिलीतल्या मुलांपैकी ४५ टक्के मुलांचे दात डोळ्यांना दिसेल अशा किडीपासून मुक्त होते. २०२० पर्यंत हे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले. जपानने १९८९ मध्ये '८०२०' ही मोहीम हाती घेतली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे किमान वीस दात. सुरुवातीला दहा टक्के वृद्धांनाही हे साधत नव्हते. २०१६ च्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिकांना साधले होते. ब्राझीलने २००४ पासून कुटुंब आरोग्य पथकांमध्ये दंतसेवेचा विस्तार केला आणि २०२३ मध्ये मौखिक आरोग्य कायद्याने सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा भाग केले. या तिन्ही देशांची अर्थव्यवस्था, लोकसंख्या, राजकारण यांत काही साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच की त्यांनी वर्षानुवर्षे तेच काम चालू ठेवले आणि मोजत राहिले.

आमच्याकडे दंतवैद्यच नाहीत, ही सबब मला ठाऊक आहे. ती खरीही आहे, पण अपुरी आहे. पहिल्या महायुद्धाने सैनिकांच्या दातांची दुर्दशा उघडी पाडल्यावर न्यूझीलंडने १९२१ मध्ये तरुण मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन शाळांमध्ये दंतपरिचारिका म्हणून पाठवायला सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. १९८० च्या दशकात टांझानियात वीज आणि ड्रिल यांच्याशिवाय, केवळ हातातल्या अवजारांनी कीड खरवडून तिथे दातांचे सिमेंट भरण्याची पद्धत विकसित होऊ लागली; पुढे त्यासाठी ग्लास आयोनोमर सिमेंट वापरात आले. त्याहून सोपे म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड: किडलेल्या जागी छोट्या ब्रशने थेंबभर लावायचे, सुई नाही, भूल नाही, मिनिटाभराचे काम. त्याने कीड बहुतेक वेळा थांबते. मात्र ती जागा कायमची काळी पडते, आणि हे पालकांना आधी सांगावे लागते. पुढच्या दाताला ते नको म्हणतात, मागच्या दाढेला चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या तिघांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपापल्या देशाच्या यादीत ती आहेत का, आणि असली तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहेत का, एवढी चौकशी आपण आपल्या सचिवांकडे उद्या सकाळी करू शकता.

प्रशिक्षित आरोग्यसेविकेने तोंड तपासावे, फ्लोराइड लावावे, संशयित रुग्ण पुढे पाठवावा, असे म्हटले की माझ्याच बिरादरीतून विरोध होतो हे मी जाणून आहे. रुग्णाच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. त्यात तथ्य आहे तेवढेच धंद्याची धास्तीही आहे. ज्या गावात दंतवैद्य कधी गेलाच नाही, तिथे त्याची जागा कोणी बळकावण्याचा प्रश्न येतो कुठे?

किडीबद्दल मी इतके लिहिले, कारण तिचा प्रसार सर्वांत मोठा आहे; पण तोंडात एवढेच घडत नाही. ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे दरवर्षी जगात पावणेचार लाखांहून अधिक नवे रुग्ण निघतात. तंबाखू आणि दारूचा त्यात मोठा हात आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला आहे. जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या या जागा उघड्या डोळ्यांनी दिसतात, त्यासाठी ना सुई लागते ना यंत्र. तरी रुग्ण उशिरा येतात, कारण तोंड उघडा असे त्यांना आधी कोणी म्हटलेले नसते. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना चिघळवतात हे आता पाठ्यपुस्तकातले ज्ञान आहे, तरी मधुमेहाच्या तपासणीत पाय पाहतात, डोळे पाहतात आणि तोंड विसरतात. आणि नोमा: कुपोषित, बहुधा दोन ते सहा वर्षांच्या मुलांचा गाल आणि जबडा काही दिवसांत कुजवणारा हा आजार हिरडीवरच्या एका जखमेपासून सुरू होतो, त्या वेळी साध्या प्रतिजैविकांनी आणि पोषणाने आवरतो, आणि उपचार न झाल्यास दहापैकी नऊ मुलांचा जीव घेतो. दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत त्याचे नाव डिसेंबर २०२३ मध्ये आले. दुर्लक्षितांच्या यादीतही जागा मिळायला इतका उशीर झाला.

अर्थमंत्र्यांसाठी स्वतंत्रपणे एक गोष्ट. जिच्यामुळे कीड होते ती वस्तू आपल्या करप्रणालीच्या कक्षेत आहे. मुक्त शर्करेतून (म्हणजे पदार्थांत वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध आणि फळांच्या रसांतील साखरेतून) मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे. मेक्सिकोने २०१४ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ मध्ये गोड पेयांवर कर लावला. ब्रिटनचा कर साखरेच्या प्रमाणानुसार पायऱ्या-पायऱ्यांचा असल्यामुळे बऱ्याच उत्पादकांनी कर लागू होण्यापूर्वीच पेयांतील साखर कमी केली. ग्राहकाला उपदेश करावा लागला नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टवर चैनीच्या प्रसाधनासारखा कर असेल, तर तोही तपासून पाहावा, कारण जी वस्तू अत्यावश्यक औषध आहे तिच्यावर असा कर लावणे विसंगत आहे.

आपण सर्वांनी कागदावर बरेच काही मान्य केलेले आहे. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मौखिक आरोग्याचा ठराव केला, २०२२ मध्ये धोरण स्वीकारले, २०२३ मध्ये कृती आराखडा मंजूर केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकॉकला जमून जाहीरनामाही काढला. त्या आराखड्यानुसार २०३० पर्यंत जगातील ८० टक्के लोकांना अत्यावश्यक मौखिक आरोग्यसेवेचा हक्क मिळायचा आहे आणि तोंडाच्या प्रमुख आजारांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटायचे आहे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, हे या विषयात म्हणण्याची पाळी आपण आणू नये. हक्क म्हणजे ठरावातला शब्द नव्हे. सहा वर्षांच्या मुलाची दाढ ठरलेल्या महिन्यात कोणीतरी पाहणे, तिच्या खाचा सील करणे, तिची नोंद ठेवणे आणि ते करणाऱ्याला वेळेवर पगार मिळणे, इतक्या खाली उतरल्यावरच तो हक्क होतो.

२०२४ मध्ये जन्मलेली मुले २०३० मध्ये सहा वर्षांची होतील आणि आपली मुदत संपेल त्याच सुमारास त्यांच्या पहिल्या कायमच्या दाढा हिरडीतून डोके वर काढतील. त्या वर्षी त्यांच्या आरोग्यपत्रकावर नखांच्या रकान्याशेजारी दाढेचा रकाना असेल का, तो भरणारी व्यक्ती कोण असेल आणि तिचा मोबदला अंदाजपत्रकातील कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवला जाईल, याचे लेखी उत्तर आपण आपापल्या सभागृहाच्या पटलावर ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक दंतवैद्य